महिला फुटबॉलपटू आणि शरीरघटकांचे मोजमाप

सन २०२२ हे वर्ष महिला फुटबॉलच्या दृष्टीने महाराष्ट्राला विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई महिला चषक स्पर्धेचे सामने मुंबई, नवी मुंबई व पुण्यातील बालेवाडी येथे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामनाही नवी मुंबईत खेळला गेला व त्यात स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव केला. पुढे २०२५ साली भारतीय महिला संघाने थायलंडला २-१ असे नमवून पात्रता फेरीच्या मार्गाने आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळविला. या घटनांमुळे मुलींच्या फुटबॉलकडे पालकांचे, शिक्षकांचे आणि स्थानिक संस्थांचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक होते.

मुली मैदानावर येऊ लागल्या की त्यांच्या तंदुरुस्तीचा प्रश्न ओघानेच येतो. मोठ्या संघांच्या दिमतीस डॉक्टर, आहारतज्ज्ञ व प्रयोगशाळा असतात. शाळेच्या किंवा तालुक्याच्या संघाजवळ बहुधा एक वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी एवढीच सामग्री असते. काट्यावरचा आकडा पाहून खेळाडू मुलीला वजन उतरविण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी वाढीच्या वयातील मुलीवर त्याचा परिणाम दूरगामी होऊ शकतो. ती एक वेळचे जेवण सोडते, दूध-तूप टाकते आणि सराव मात्र पूर्वीइतकाच करीत राहते. म्हणूनच शरीराचे वजन कशाकशाचे बनलेले असते, त्यातील निरनिराळे घटक कसे मोजतात आणि त्या मोजमापाचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे शिक्षकांनी व ग्रामीण क्रीडा कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वजन आणि उंची यांची मर्यादा

शरीराच्या वजनात मेद, स्नायू, हाडे, पाणी आणि अंतर्गत अवयव या सर्वांचा समावेश असतो. या घटकांचे परस्परप्रमाण म्हणजे शरीराची घटकरचना होय. अभ्यासाच्या सोयीसाठी शास्त्रज्ञ तिचे ढोबळमानाने दोन भाग करतात. एक मेद आणि दुसरा मेद वगळता उरलेले सर्व, म्हणजेच मेदविरहित भाग. धावणे, उडी घेणे, चेंडू दूरवर लाथाडणे ही कामे मुख्यत्वे या दुसऱ्या भागातील स्नायूंच्या बळावर होतात.

वजनकाटा या दोहोंत भेद करू शकत नाही. वजनाला उंचीची जोड देऊन काढला जाणारा बीएमआय हा निर्देशांकही तो भेद करीत नाही. बेल्जियमचे गणितज्ञ आदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या निरीक्षणावर हा निर्देशांक आधारलेला असून त्याला आजचे नाव १९७२ साली अमेरिकी शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांच्या निबंधाने मिळाले. हा निबंध केवळ पुरुषांच्या मोजमापांवर आधारलेला होता. वजनाच्या किलोग्रॅमला उंचीच्या मीटरमधील वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत त्याचा समावेश असल्यामुळे शिक्षकांना तो परिचित आहे. मोठ्या लोकसंख्येच्या पोषणस्थितीचा अंदाज घेण्यास तो उपयुक्त ठरतो. एका विशिष्ट खेळाडूविषयी निर्णय घेण्यास मात्र तो अपुरा पडतो.

उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व ५४ किलोग्रॅम वजनाच्या दोन खेळाडू कल्पिल्यास दोघींचाही निर्देशांक २१.१ येतो. पहिलीच्या शरीरात १८ टक्के मेद असेल तर तिच्याकडे सुमारे ४४ किलोग्रॅम मेदविरहित भाग आहे. दुसरीत २८ टक्के मेद असेल तर तो भाग सुमारे ३९ किलोग्रॅमच भरतो. दोघींत पाच किलोग्रॅमचे अंतर असूनही काटा व निर्देशांक त्यांना सारखेच लेखतात.

हे अंतर शास्त्रीय रीतीने प्रथम ठळकपणे दाखविले ते अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेहन्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी १९४२ साली २५ व्यावसायिक खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध केली. हे खेळाडू पुरुष होते आणि त्यांचा खेळही अमेरिकी पद्धतीचा, हाताने चेंडू पळविण्याचा फुटबॉल होता. तत्कालीन उंची-वजनाच्या तक्त्यांनुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. पाण्यात वजन करून पाहिले असता त्यांतील बहुतेकांच्या वजनाचे कारण मेद नसून भरीव स्नायू असल्याचे आढळले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पुण्याचे आहे. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ असाच होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. भारतीय शरीर किरकोळ दिसत असतानाही त्यात मेदाचे प्रमाण अधिक व स्नायूंचे कमी असू शकते, हे या छोट्याशा नोंदीने जगापुढे आले. युरोप-अमेरिकेत तयार झालेले तक्ते महाराष्ट्रातील मुलींना जसेच्या तसे लावू नयेत, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

मेदाचे कार्य

मेद म्हणजे शरीरावरील निरुपयोगी भार, हा समज सर्वत्र रूढ आहे. वास्तविक मेंदू, मज्जातंतू, अस्थिमज्जा व अंतर्गत अवयव यांना ठरावीक मेदाची नितांत गरज असते. बेहन्के यांनी मांडलेल्या आदर्श नमुन्यानुसार हा अत्यावश्यक मेद पुरुषाच्या शरीरात वजनाच्या सुमारे ३ टक्के, तर स्त्रीच्या शरीरात सुमारे १२ टक्के असतो. स्त्रीशरीराची प्रजननक्षमता व संप्रेरकांचे कार्य यांच्याशी या अधिकच्या मेदाचा संबंध आहे. त्यामुळे मुलांच्या संघासाठी ठरविलेला मापदंड मुलींना लावणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरते.

फुटबॉलच्या नव्वद मिनिटांच्या सामन्यात वरच्या दर्जाची महिला खेळाडू सुमारे दहा किलोमीटर अंतर कापते. त्यात चालणे, सावकाश धावणे, अचानक वेग घेणे आणि थबकून दिशा बदलणे यांची सतत अदलाबदल होत असते. अनावश्यक मेद फार असल्यास प्रत्येक धावेला तेवढे ओझे वाहावे लागते, हे खरे. परंतु स्नायू क्षीण झाल्यास वेग, उडी आणि धक्का सोसण्याची शक्ती या तिन्ही गोष्टी घटतात. प्रौढ महिला फुटबॉलपटूंच्या प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मेदाचे प्रमाण बहुधा १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान आढळते. मोजमापाची पद्धत बदलली की हे आकडेही बदलतात. गोलरक्षक सामान्यतः अधिक उंच व वजनदार असतात, तर मधल्या फळीतील खेळाडू तुलनेने सडपातळ असतात. सर्वांसाठी एकच आदर्श टक्केवारी नाही.

पाणी, हवा आणि क्ष-किरण

जिवंत माणसाच्या शरीरातील मेद वेगळा काढून तोलता येत नाही. तो अप्रत्यक्षपणेच मोजावा लागतो. त्यासाठीची सर्वांत जुनी शास्त्रीय पद्धत आर्किमिडीजच्या सिद्धांतावर आधारलेली आहे. मेद पाण्यापेक्षा हलका असून त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम असते. मेदविरहित भागाची घनता सुमारे १.१ ग्रॅम धरली जाते. संपूर्ण शरीराची घनता कळली, की या दोन आकड्यांच्या मधले तिचे स्थान पाहून मेदाचे प्रमाण काढता येते.

यासाठी व्यक्तीचे प्रथम हवेत व नंतर पूर्ण श्वास सोडून पाण्याखाली वजन करतात आणि फुप्फुसात उरलेल्या हवेचा हिशेब वजा करतात. समजा, ५४ किलोग्रॅम वजनाच्या खेळाडूचे घनफळ ५१.४३ लिटर भरले. तर तिच्या शरीराची घनता १.०५ येते. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम सिरी यांच्या सूत्रानुसार ४९५ ला या घनतेने भागून त्यातून ४५० वजा केले, की २१.४ टक्के हे उत्तर मिळते. म्हणजे तिच्या शरीरात सुमारे ११.६ किलोग्रॅम मेद आणि ४२.४ किलोग्रॅम मेदविरहित भाग आहे. याच तत्त्वावर पाण्याऐवजी बंदिस्त कक्षातील हवेच्या दाबावरून घनफळ मोजणारी यंत्रे १९९० च्या दशकात प्रचारात आली. त्यांत पाण्यात बुडी मारावी लागत नाही.

दुसरी पद्धत ‘डेक्सा’ या नावाने ओळखली जाते. हिची व्यापारी यंत्रे १९८७ पासून उपलब्ध झाली. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण शरीरातून पाठविले असता हाडे, मेद व इतर मऊ ऊती ते निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. त्यावरून हाडांतील खनिज, मेद आणि उर्वरित भाग असे तीन घटक, तेही हात, पाय व धड यांचे स्वतंत्र, कळतात. एका पायाचा स्नायूभाग दुसऱ्यापेक्षा कमी भरल्यास दुखापतीनंतरच्या व्यायामाची दिशा ठरविण्यास त्याची मदत होते. या तपासणीतील किरणांची मात्रा अत्यल्प असते. तथापि गर्भवती स्त्रीची अशी तपासणी करीत नाहीत. अस्थिक्षयाच्या निदानासाठी ही यंत्रे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असतात. गावोगावच्या संघांना ती सहजासहजी उपलब्ध होणारी नव्हेत.

कॅलिपर आणि विद्युत्प्रवाह

मैदानाच्या जवळ पोहोचलेली पद्धत म्हणजे कॅलिपर या चिमट्यासारख्या साधनाने त्वचेच्या घडीची जाडी मोजणे. शरीरातील मेदाचा मोठा वाटा त्वचेखाली साठलेला असतो, हे या पद्धतीमागचे गृहीत आहे. दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखालची जागा, कमरेच्या हाडाचा वरचा भाग, पोट, मांडी आणि पोटरी अशा ठरावीक जागी त्वचेची घडी बोटांनी उचलून तिला कॅलिपर लावतात. चांगला कॅलिपर दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतकाच दाब देतो आणि वाचन दोन सेकंदांनी घ्यावयाचे असते. ‘आयसॅक’ या १९८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मोजमापाच्या जागा व रीत निश्चित केली असून ती शिकविण्याचे वर्गही चालतात. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व अर्भके यांच्या पोषणाच्या अभ्यासातही डॉ. याज्ञिक यांच्या पथकाने त्वचेच्या घडीची मोजमापे घेतली होती. त्यामुळे हे साधन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही.

मिलिमीटरमधील या आकड्यांवरून टक्केवारी काढण्याची अनेक सूत्रे आहेत. ड्युर्निन व वोमर्स्ली या शास्त्रज्ञांनी १६ ते ७२ वर्षे वयाच्या ४८१ स्त्री-पुरुषांच्या अभ्यासावरून १९७४ साली प्रसिद्ध केलेले सूत्र त्यांपैकी सर्वाधिक वापरले गेले. स्त्रियांसाठी जॅक्सन, पोलॉक व वॉर्ड यांनी १९८० साली स्वतंत्र सूत्र दिले. एकाच मुलीची मापे दोन सूत्रांत घातली तर दोन वेगळी उत्तरे येतात. यास्तव अलीकडे अनेक तज्ज्ञ टक्केवारीच्या भानगडीत न पडता निरनिराळ्या जागांच्या जाडीची मिलिमीटरमधील बेरीज तेवढी नोंदवून ठेवतात आणि तीन-चार महिन्यांनी त्याच मुलीच्या बेरजेशी तिची तुलना करतात.

चौथी पद्धत विद्युत्प्रवाहाची. स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असल्यामुळे त्यांतून वीज सहज वाहते. मेद तिला अडथळा करतो. शरीरातून जाणवणारही नाही इतका सौम्य प्रवाह सोडून हा अडथळा मोजतात व त्यावरून घटकरचनेचा अंदाज बांधतात. बाजारात मिळणारे, पाय ठेवताच मेदाची टक्केवारी दाखविणारे काटे याच तत्त्वावर चालतात. ते स्वस्त व सोपे आहेत. परंतु नुकतेच प्यालेले पाणी, जेवण, घाम, सराव आणि मासिक पाळीच्या दिवसांत शरीरात साठणारे पाणी या सर्वांमुळे त्यांचा आकडा वरखाली होतो. सकाळी घेतलेले माप व सरावानंतरचे माप यांची तुलना करणे त्यामुळे निरर्थक ठरते. पायांवर उभे राहून वापरावयाच्या साध्या काट्यांत विजेचा प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो आणि उरलेल्या शरीराचा अंदाज यंत्र सूत्राने बांधते.

आकड्यावर किती भिस्त ठेवावी

वरील कोणत्याही पद्धतीत काही गृहीतके आहेतच. मेदविरहित भागाची घनता १.१ धरण्यात आली, ती मोजक्याच प्रौढ पुरुषांच्या मृतदेहांच्या पृथक्करणावरून. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक आणि हाडांतील खनिजांचे प्रमाण कमी असते. साहजिकच तिच्या मेदविरहित भागाची घनता कमी भरते. प्रौढांचे सूत्र तिला लावल्यास ते तिच्या अंगात असलेल्या मेदापेक्षा अधिक मेद दाखविते. म्हणजे शालेय मुलीला ‘तुझ्यात चरबी जास्त आहे’ असे सांगणारा आकडा पुष्कळदा सूत्राचाच दोष असू शकतो.

कॅलिपर व विद्युत्पद्धती यांत तीन ते चार टक्क्यांची चूक सहज संभवते. आज २२ व पुढील महिन्यात २४ असा आकडा आला म्हणून मुलीचा मेद वाढला, असा निष्कर्ष काढता येत नाही. मोजमाप अर्थपूर्ण व्हावयाचे असेल तर साधन तेच, मोजणारी व्यक्ती तीच, दिवसाची वेळ तीच आणि सरावाच्या व जेवणाच्या आधीची स्थिती तीच असणे आवश्यक आहे.

मोजमाप कशासाठी?

शरीरघटकांच्या मोजमापाचा खरा उपयोग खेळाडूची निवड वा छाननी करण्यात नसून तिला पुरेसे अन्न मिळते की नाही हे ताडून पाहण्यात आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ ॲन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांतून यासंबंधीचे महत्त्वाचे ज्ञान मिळाले. दिवसाच्या आहारातील उष्मांकांतून व्यायामात खर्च झालेले उष्मांक वजा केले, की शरीराच्या नित्य कार्यासाठी शिल्लक उरते. ही शिल्लक मेदविरहित भागाच्या दर किलोग्रॅममागे दिवसाला सुमारे ४५ किलोकॅलरी असावी. ती ३० च्या खाली गेली, की काही दिवसांतच मासिक पाळीचे नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकांत बिघाड दिसू लागतो. ३० ही प्रत्येकीच्या बाबतीत काटेकोर लागू पडणारी सीमारेषा नसून व्यक्तिपरत्वे तीत फरक पडतो. तरीही दिशा समजण्यास हा आकडा उपयोगी आहे.

पूर्वी उल्लेखिलेल्या ५४ किलोग्रॅमच्या खेळाडूच्या शरीरात मेदविरहित भाग ४२.४ किलोग्रॅम होता. ४५ च्या हिशेबाने तिला नित्य कार्यासाठी सुमारे १,९०० किलोकॅलरी हव्यात. सरावात ४०० खर्च होत असतील, तर तिचा रोजचा आहार सुमारे २,३०० किलोकॅलरींचा असावयास हवा. वाढत्या वयाची मुलगी असेल तर वाढीसाठी आणखी भर घालावी लागेल. वजन उतरविण्याच्या नादात तिने १,५०० किलोकॅलरींवर दिवस काढले आणि सराव तेवढाच ठेवला, तर शिल्लक दर किलोग्रॅमला २६ इतकीच उरते.

अशा उपासमारीचे परिणाम क्रीडावैद्यकाने चांगलेच नोंदविले आहेत. अपुरा आहार, पाळीतील अनियमितता आणि हाडांचा ठिसूळपणा या तीन विकारांची साखळी अमेरिकेतील क्रीडावैद्यक महाविद्यालयाने १९९२ साली पुढे आणली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या कल्पनेची व्याप्ती वाढविली. ऊर्जेच्या अभावाने पाळी व हाडे यांबरोबरच रोगप्रतिकारशक्ती, हृदयाचे आरोग्य, मनःस्थिती व प्रत्यक्ष खेळ या सर्वांवर अनिष्ट परिणाम होतो, असे तिने नमूद केले. मुलींच्या हाडांतील खनिजांचा सुमारे नव्वद टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत पुरा होतो. त्या वयात झालेली हानी पुढे भरून काढणे कठीण असते. शाळेत असताना खेळापायी उपाशी राहिलेल्या मुलीला त्याची किंमत पन्नाशीनंतर मोडलेल्या हाडाच्या रूपाने द्यावी लागण्याचा संभव असतो.

ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०२३ साली याबाबत अधिक स्पष्ट भूमिका घेतली. वैद्यकीय कारण असल्याखेरीज अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या शरीरघटकांचे मोजमाप करू नये, असा त्यांचा सल्ला आहे. प्रौढ खेळाडूंच्या बाबतीतही ते संमतीने, खाजगीत आणि प्रशिक्षित व्यक्तीकडूनच व्हावे, असे त्यांनी सुचविले आहे.

शाळा व ग्रामपंचायतींना काय करता येईल

मेदाचे मोजमाप शाळेत करावयाचे नाही, याचा अर्थ मुलींच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावयाचे नाही असा नव्हे. महागड्या यंत्रांवाचून करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत.

(१) उंची व वजनाची नोंद दर तीन महिन्यांनी करून ती वाढीच्या दृष्टीने पाहावी. वाढीच्या वयात वजन वाढणे हे सुलक्षण होय. ते थांबले किंवा घटले, तर चौकशी करावी.

(२) रक्तक्षयाकडे प्रथम लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी लवकर दमते आणि तिचा दम चरबीमुळे लागतो, असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील हिमोग्लोबिनची तपासणी आणि शाळेतून मिळणारी लोह-फॉलिक आम्लाची साप्ताहिक गोळी यांचा लाभ प्रत्येक खेळाडूला मिळावा.

(३) पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू न झालेली किंवा सुरू झालेली पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिलेली मुलगी वैद्यकीय तपासणीस पाठवावी. याबाबतची विचारपूस शिक्षिका, परिचारिका वा आशा कार्यकर्ती यांनी विश्वासात घेऊन करावी.

(४) सरावाच्या आधी व नंतर काही खावयास मिळण्याची व्यवस्था व्हावी. उच्च प्राथमिक वर्गासाठी शालेय पोषण आहारात ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिने ठरविलेली आहेत. सराव करणाऱ्या मुलीच्या दैनंदिन गरजेचा हा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग होय. तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे १७० किलोकॅलरी मिळतात. शेंगदाणे, गूळ, उकडलेली अंडी, दूध, केळी, मोड आलेली कडधान्ये यांपैकी जे गावात मिळते ते सायंकाळच्या सरावानंतर देता येईल. ग्रामपंचायत, महिला बचतगट व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मनावर घेतल्यास यास मोठा खर्च येत नाही.

(५) प्रगती मोजावयाची असेल तर ती खेळातूनच मोजावी. पन्नास मीटर धाव, सहाशे मीटर धाव, उभ्याने मारलेली लांब उडी यांच्या नोंदी घड्याळ व मापनपट्टी यांवर होतात आणि त्यांत सुधारणा दिसली की मुलीचा उत्साहही वाढतो.

(६) जिल्हा वा राज्य पातळीवरील प्रौढ खेळाडूंचे शरीरघटक मोजले जात असतील, तर ते बंद खोलीत, शक्यतो स्त्री तज्ज्ञाकडून आणि खेळाडूच्या लेखी संमतीने व्हावेत. मोजलेला आकडा ही वैद्यकीय नोंद होय. तो फलकावर लावणे, संघासमोर वाचून दाखविणे किंवा त्यावरून थट्टा करणे सर्वथा वर्ज्य मानावे. मोजमाप नाकारणाऱ्या खेळाडूला संघातून वगळण्याचे ते कारण होऊ नये.

शिक्षकांची जबाबदारी

शास्त्राने गेल्या ऐंशी वर्षांत पाणी, हवा, क्ष-किरण आणि वीज यांच्या साहाय्याने मानवी शरीराच्या आत डोकावण्याची साधने निर्माण केली. वजनावरून माणसाची तंदुरुस्ती ठरविता येत नाही, हा त्या साधनांनी दिलेला पहिला धडा असून तो समजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. मुलगी चौरस आहार घेते काय, तिची पाळी नियमित आहे काय, तिचे हिमोग्लोबिन पुरेसे आहे काय आणि ती गेल्या सहामाहीपेक्षा अधिक वेगाने धावते काय, या चार प्रश्नांची उत्तरे शाळेच्या नोंदवहीत नियमितपणे उतरली, तर प्रयोगशाळेवाचूनही तिच्या प्रकृतीचे बरेचसे चित्र स्पष्ट होईल. यांपैकी एखादे उत्तर समाधानकारक नसेल, तर वजन घटविण्याचा सल्ला देण्यापूर्वी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.